दहा सेंटांची कादंबरी आणि लेखिकेचे नाव

१

अमेरिकन वाङ्मयाच्या इतिहासात 'डाइम नॉव्हेल' या प्रकाराची वासलात बहुधा एका परिच्छेदात लावली जाते. डाइम म्हणजे दहा सेंटांचे नाणे. त्या नाण्याला मिळणारी, कागदी वेष्टनाची, घोडेस्वार आणि बंदुका यांनी गजबजलेली, शाळकरी मुलांनी पाठ्यपुस्तकाआड दडवून वाचलेली कथा, असे तिचे चित्र रूढ झाले आहे. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. पण ते या प्रकाराच्या उत्तरायुष्याचे आहे. त्याच्या जन्माची हकीकत निराळी आहे. न्यूयॉर्कच्या बीडल मंडळींनी १८६० च्या जून महिन्यात आपल्या मालेचे पहिले पुस्तक बाजारात आणले, ते होते 'मालेस्का : गोऱ्या शिकाऱ्याची इंडियन पत्नी'. ते पन्नाशीला पोचलेल्या एका लेखिकेचे होते. एकवीस वर्षांपूर्वी ते स्त्रियांच्या एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेले होते. आणि त्याचा शेवट कोणा वीराच्या विजयात नव्हे, तर एका आईच्या मृत्यूत होतो.

एखाद्या वाङ्मयप्रकाराने आपला उगम विसरावा यात नवल नाही. नवल हे की, असा विसर पडायला येथे फार काळ लागला नाही. पुढच्या तीस-चाळीस वर्षांतच ही माला म्हणजे पुरुषांनी मुलग्यांसाठी चालविलेला उद्योग, अशी समजूत दृढ झाली आणि समीक्षेने ती तपासून न पाहता उचलली. ज्यांनी या वाङ्मयाला हिणवले त्यांनीही ती मानली, आणि ज्यांनी पुढे कौतुकाने त्याचा संग्रह केला त्यांच्यापैकी बहुतेकांनीही. तेव्हा प्रश्न केवळ एका विस्मृत लेखिकेला तिचे श्रेय परत देण्याचा नाही. स्वस्त पुस्तकांच्या व्यवसायात लेखिकेच्या नावाला कोणती किंमत आली, ती कोणी वसूल केली आणि ते नाव पुढे पुसले कसे गेले, हा खरा प्रश्न आहे.

२

अॅन सोफिया स्टीफन्स (१८१०–१८८६) यांना 'स्वस्त कादंबऱ्या लिहिणारी बाई' म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. कनेक्टिकटमधील एका लोकरगिरणीच्या व्यवस्थापकाची ही कन्या. लग्नानंतर मेन राज्यातील पोर्टलंड येथे पतीने मासिक काढले, त्याचे संपादन स्टीफन्सबाईंनी केले. १८३७ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. तेथे 'लेडीज कंपॅनियन', पुढे 'ग्रॅहम्स मॅगझिन', पुढे 'पीटरसन्स मॅगझिन' अशा एकापाठोपाठ एक नियतकालिकांच्या संपादनाशी त्यांचा संबंध आला. १८५६ साली त्यांनी स्वतःच्या नावाने एक सचित्र मासिकही सुरू केले. १८५४ च्या 'फॅशन अँड फॅमिन' या कादंबरीने त्यांची कीर्ती सर्वदूर पोचविली होती. म्हणजे बीडल मंडळींनी त्यांच्याकडे पुस्तक मागितले तेव्हा त्यांच्यामागे पंचवीस वर्षांचा संपादनाचा अनुभव होता. वाचक कशाने खिळून राहतो, हप्ता कोठे तोडावा, मथळा कसा द्यावा, या गोष्टी त्यांना बीडलकडून शिकायच्या नव्हत्या.

स्टीफन्सबाईंचे उदाहरण एकटे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मासिकांचा जो विस्तार झाला, त्याचा मोठा भाग स्त्रीवाचकांवर उभा होता आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांत व संपादन करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. लेखण्या खरडणाऱ्या बायकांच्या झुंडीने वाचकांची अभिरुची व्यापून टाकली आहे, अशी तक्रार नॅथॅनियल हॉथॉर्नने १८५५ साली आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात केली. तिच्यातला मत्सर वजा केला तरी वस्तुस्थिती उरतेच.

इरॅस्टस बीडल हा मूळचा बफेलोचा मुद्रक. भाऊ अर्विन आणि भागीदार रॉबर्ट अॅडम्स यांच्यासह त्याने दहा सेंटांच्या गाण्यांच्या पुस्तकांवर आधी पैसा मिळविला होता. ठराविक आकार, ठराविक किंमत, अनुक्रमांक आणि ठराविक अंतराने येणारे पुस्तक ही त्याची युक्ती. कादंबरी ही वस्तू त्याने नियतकालिकाच्या शिस्तीत बसविली. डॉलरभर मोलाचे पुस्तक डाइमला देऊ, अशी त्याची जाहिरात होती. पण स्वस्ताईला एक धोका असतो. स्वस्त ते हलके, आणि हलके ते अनीतिमान, ही मध्यमवर्गाची जुनी समजूत. घरात आणायला संकोच वाटणार नाही असे काही तरी या पुस्तकाच्या दर्शनी पानावर असणे अगत्याचे होते. ते बीडलने २५० डॉलरना विकत घेतले. जुन्या, एकदा छापून झालेल्या कथेच्या पुनर्मुद्रणासाठी ही रक्कम लहान नव्हती. कथेबरोबर 'श्रीमती अॅन एस. स्टीफन्स' हे नावही त्याने घेतले होते.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. साहसकथेच्या या मालेला प्रथम जी पत लाभली, ती स्त्रीच्या नावामुळे. सभ्य गृहिणींच्या मासिकांत ज्यांचे नाव वर्षानुवर्षे छापून येत होते, त्या बाईंनी लिहिलेले पुस्तक मुलांच्या हाती द्यायला आईबापांना हरकत वाटू नये, असा हा हिशेब होता आणि तो अचूक ठरला. पहिल्या काही महिन्यांत 'मालेस्का'च्या ६५,००० प्रती खपल्याचे नमूद आहे. १८६४ साली 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या प्रतिष्ठित नियतकालिकात विल्यम एव्हरेटने बीडलच्या पुस्तकांचे सविस्तर परीक्षण केले, तेव्हाही या पुस्तकांत नीतीला बाधक असे काही नाही, असाच निर्वाळा त्याने दिला. पहिल्या चार वर्षांत ही पत टिकून होती.

३

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. हडसन नदीच्या काठच्या डोंगराळ मुलखात मालेस्का राहते. ती तेथील मूळ रहिवाशांच्या जमातप्रमुखाची मुलगी आहे. विल्यम डॅनफर्थ या गोऱ्या शिकाऱ्याशी तिचा संसार गुपचूप चालला आहे आणि त्यांना एक मुलगा आहे. वसाहतवाले आणि जमात यांच्यात चकमक उडते. तीत तिचा पिता आणि पती दोघेही जातात. मुलाला मॅनहॅटनमधील आपल्या आईबापांकडे ने, असे मरता मरता पती सांगतो. ती मुलाला घेऊन नदीमार्गे शहरात जाते. सासूसासरे नातवाचा स्वीकार करतात, सुनेचा करीत नाहीत. मुलाला आपले नाते कधीही सांगायचे नाही, या अटीवर तिला त्याची दाई म्हणून घरात राहू दिले जाते. मुलगा मोठा होतो तो आपल्या आईच्या जमातीचा तिरस्कार शिकतच. ती त्याला पळवून नेऊ पाहते, पकडली जाते, एकटीच परत फिरते. तिची जमात तिला मृत्युदंड ठरविते. ज्याच्या हाती ते काम सोपविले तो तिला जिवंत सोडतो. पुढे ती नदीकाठी एकाकी राहते. वर्षांनंतर तरुण विल्यम त्याच मुलखात लग्नासाठी येतो. लग्नाच्या उंबरठ्यावर मालेस्का त्याला सत्य सांगते. आपल्या अंगात त्या जमातीचे रक्त आहे हे ऐकून तो नदीत उडी घेतो. ती त्याला वाचवू शकत नाही आणि त्याच्या थडग्यावरच प्राण सोडते.

या कथेची भाषा भावविवश आहे, योगायोगांची रेलचेल आहे, पात्रे एकरंगी आहेत. हे दोष लपविण्याचे कारण नाही. आणि त्या काळच्या मासिकी कथेचे ते सर्वसाधारण दोष होते, एवढे म्हणून त्यांची बोळवणही करता येत नाही. तथापि या कथेत एक मध्यवर्ती कल्पना अशी आहे की, ती भावविवशतेच्या पलीकडे जाते. जन्म देणारी स्त्री स्वतःच्या मुलाच्या घरात पगारी नोकराच्या जागी उभी आहे आणि आपले नाते सांगण्याचा अधिकार गमावून बसली आहे. कथेतील सारा ताण या एका परिस्थितीतून निघतो. अरण्य, होडी, पाठलाग, दंडाज्ञा ही साहसकथेची सामग्री येथे आहेच; पण ती या परिस्थितीच्या सेवेला लावलेली आहे. मालेस्काचे धाडस शत्रूला जिंकण्यासाठी नाही, मुलगा परत मिळविण्यासाठी आहे. पुढच्या साहसकथांत साहस म्हणजे घर सोडून जाणे. या पहिल्या कथेत साहस म्हणजे घरात जागा मागणे. या दृष्टीने पाहिले असता 'मालेस्का' ही मालेत चुकून शिरलेली स्त्रीमासिकातली कथा न ठरता साहस या कल्पनेचा वेगळा अर्थ लावणारी कथा ठरते.

येथवर कौतुक केल्यावर दुसरी बाजू मांडणे प्राप्त आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. मालेस्कावर अन्याय कोणी केला? कथेतील घटना स्पष्ट उत्तर देतात : सासऱ्याच्या वंशाभिमानाने. पण निवेदिका शेवटी ते उत्तर सोडून देते आणि हा विवाहच निसर्गाला धरून नव्हता, असा दोष त्याच्यावर ठेवते. म्हणजे कथेने दाखविलेले एक आणि निवेदनाने ठरविलेले दुसरेच. आईविषयीची करुणा लेखिकेला सत्याच्या अगदी जवळ नेते आणि वंशाविषयीचा पूर्वग्रह तिला तेथून मागे खेचतो. १८३९ साली, जेव्हा चेरोकी लोकांची हकालपट्टी नुकतीच पार पडत होती, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका मासिकातील मध्यमवर्गीय वाचकांना या मूळ रहिवासी स्त्रीसाठी रडायला मिळाले. पण तिला जगू देणे त्या कथेला परवडले नाही. तिच्या मुलालाही नाही. अश्रू ढाळून निर्दोष होण्याची ही सोय जुनी आहे आणि भावविवश वाङ्मयाने ती अनेक देशांत पुरविली आहे.

म्हणून आजच्या अभ्यासकाने 'मालेस्का'च्या लेखिकेला न्याय देताना एक पथ्य पाळले पाहिजे. लेखिका विस्मृत झाली म्हणून तिची कृती थोर ठरत नाही. गोऱ्या लेखिकेला दर्शनी पानावर नाव मिळाले. तिने निर्मिलेल्या नायिकेला मुलाच्या घरातही ते मिळाले नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि यातले कोणतेही एक सांगून दुसरे गाळणे हा इतिहास नव्हे.

४

मालेस्काच्या शेजारी त्याच काळातील दुसरी एक नायिका उभी केली म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होते. ई. डी. ई. एन. साउथवर्थ यांची 'हिडन हँड' ही कादंबरी १८५९ साली रॉबर्ट बॉनरच्या 'न्यूयॉर्क लेजर' या साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. तिची नायिका कॅपिटोला ही न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील अनाथ मुलगी. मुलीला कोणी काम देत नाही, पण मुलाला देतात, हे पाहून ती मुलाचे कपडे घालते आणि वर्तमानपत्रे विकून, सामान वाहून पोट भरते. पुढे एका तापट वृद्ध सरदाराच्या घरी ती वाढते, दरोडेखोराला सामोरी जाते आणि आपली बदनामी करणाऱ्याला द्वंद्वाचे आव्हान देऊन पिस्तुलात वाटाणे भरून त्याची खोड मोडते. वाचकांना ही मुलगी इतकी आवडली की, लेजरने ती कथा पुढे पुन्हा पुन्हा छापली. ग्रंथरूपाने ती १८८८ सालापर्यंत आली नाही. कारण पुस्तक झाले की साप्ताहिकाचे गिऱ्हाईक कमी होते, हे बॉनरला ठाऊक होते.

साउथवर्थबाईंना पतीने दोन लहान मुलांसह सोडून दिले होते. शिक्षिकेच्या पगारात भागत नव्हते म्हणून त्यांनी लेखणी धरली. त्यांच्या काळातल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या अमेरिकन लेखकांत त्यांची गणना होते. कॅपिटोलाच्या थट्टेखोर धाडसामागे हा अनुभव आहे. मुलग्याचा वेष चढवून वर्तमानपत्र विकणारी मुलगी, या प्रतिमेत त्या व्यवसायातील स्त्रीची स्थिती जशी उतरली आहे, तशी ती एखाद्या गंभीर निबंधातही क्वचितच आढळेल. मालेस्का दुःखाने मरते, कॅपिटोला हसून जिंकते. पण दोघींचीही अडचण एकच आहे. आपण जे आहोत ते उघडपणे असण्याला बंदी, हीच ती अडचण.

५

बीडलच्या मालेचा रोख मात्र लवकरच बदलला. १८६० च्याच ऑक्टोबरात आठव्या क्रमांकावर एडवर्ड एलिस या वीस वर्षांच्या शिक्षकाची 'सेथ जोन्स' ही कादंबरी आली. सरहद्दीवरील गोरा वीर, पळविलेली मुलगी, पाठलाग आणि सुटका हा तिचा साचा. तिला अफाट खप लाभला आणि तोच साचा पुढच्या शेकडो पुस्तकांनी गिरविला. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात उत्तरेकडील सैनिकांच्या छावण्यांत या पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे जाऊ लागले. वाचकवर्ग घरातून छावणीत गेला आणि कथेतली स्त्री नायिकेच्या जागेवरून हटून सोडवून आणण्याची वस्तू झाली. १८७७ साली 'डेडवुड डिक' आला तेव्हा किंमत पाच सेंटांवर उतरली होती आणि वाचक प्रामुख्याने किशोरवयीन मुलगा झाला होता. १८८३ साली अँथनी कॉमस्टॉकने मुलांना बिघडविणाऱ्या सापळ्यांत या कथांची गणना केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हे नंतरचे रूप होते.

पण या बदलाच्या काळातही बीडलच्या घरात स्त्रियांचे काम थांबलेले नव्हते. मालेचे संपादक ऑर्व्हिल व्हिक्टर यांचे नाव इतिहासात येते. त्यांच्या पत्नी मेटा व्हिक्टर (१८३१–१८८५) यांचे काम त्याहून कमी नाही. मालेतील चौथे पुस्तक 'अॅलिस वाइल्ड' त्यांचे; दहावे 'बॅकवुड्स ब्राइड' त्यांचे; १८६१ ची 'मॉम गिनी' ही लुइझियानातील गुलामांच्या जीवनावरची कादंबरी त्यांची, आणि ती लंडनमध्येही छापली गेली. बीडलच्या स्त्रियांसाठी निघणाऱ्या मासिकाचे संपादन त्यांनी केले, आणि दहा सेंटांचे पाकशास्त्राचे पुस्तकही त्यांनीच रचले. हे सर्व मोठा संसार सांभाळून. ज्या संस्थेने अमेरिकेला घोडेस्वार वीर दिले, त्याच संस्थेचे जिन्नस मुरवण्याचे, पिठाचे माप सांगण्याचे पुस्तकही त्याच टेबलावर तयार होत होते, हे विसरता कामा नये.

मेटा व्हिक्टर यांच्या नावाचे पुढे काय झाले, ते उद्बोधक आहे. १८६६ साली बीडलच्या मासिकातून 'डेड लेटर' ही कादंबरी क्रमशः आली. अमेरिकेतील पहिली पूर्ण लांबीची गुप्तहेरकथा म्हणून आज ती मानली जाते. अॅना कॅथरीन ग्रीनच्या सुप्रसिद्ध 'लेव्हनवर्थ केस'च्या आधी बारा वर्षे ती लिहिली गेली. तिच्यावर लेखक म्हणून नाव होते सीली रेजेस्टर. हे नाव स्त्रीचे की पुरुषाचे ते कळू नये, अशीच त्याची घडण आहे, आणि कथेचा निवेदकही पुरुष आहे. सहा वर्षांपूर्वी स्त्रीचे नाव ही पुस्तकाची पत होती. गुन्हा आणि तपास हा विषय आला तेव्हा तेच नाव अडचण वाटू लागले.

६

येथून पुढे लेखिकेच्या नावाला ज्या वाटा फुटल्या, त्यांतील तीन विशेष विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली वाट अज्ञातवासाची. शांता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे मराठी वाचकाला लुइसा मे अल्कॉट घरच्यासारखी झाली आहे. त्या कादंबरीतील ज्यो शहरात राहून सनसनाटी कथा लिहिते, पैसे मिळविते आणि प्राध्यापक भाएर यांच्या नापसंतीमुळे त्या कथा चुलीत घालते, हा प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेल. प्रत्यक्ष लुइसाने कथा जाळल्या नाहीत; नाव तेवढे झाकले. 'फ्रँक लेस्लीज इलस्ट्रेटेड न्यूजपेपर' या साप्ताहिकाच्या स्पर्धेत तिच्या कथेला शंभर डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि १८६३ च्या जानेवारीत ती कथा निनावी छापली गेली. पुढे 'ए. एम. बर्नार्ड' या नावाने तिने सूडाच्या, कपटाच्या, वेषांतराच्या कथा लिहिल्या. हे टोपणनाव लिओना रोस्टेनबर्ग यांनी १९४३ साली उजेडात आणले आणि मॅडलिन स्टर्न यांनी १९७५ साली त्या कथा संग्रहरूपाने पुन्हा छापल्या. त्या वाचल्यावर ज्योच्या पश्चात्तापाचा प्रसंग निराळाच दिसू लागतो. तो लेखिकेचा कबुलीजबाब नसून सभ्य वाचकाला दिलेला दिलासा आहे.

दुसरी वाट अपहाराची. शार्लट मेरी ब्रेम (१८३६–१८८४) ही इंग्लंडमधील लेखिका. 'डोरा थॉर्न' ही तिची गाजलेली कादंबरी. परदेशी लेखकाला अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण १८९१ पर्यंत नव्हते, त्यामुळे तिच्या कथा तेथे मुक्तहस्ते छापल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेने तिच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून 'बर्था एम. क्ले' हे नाव घडविले. ब्रेम वारली, पण बर्था क्ले लिहीत राहिली. तिच्या नावाने पुरुष लेखक कादंबऱ्या पाडू लागले, आणि त्यांत निक कार्टर या गुप्तहेराची पहिली कथा लिहिणारा जॉन कॉरिएल हाही होता. म्हणजे स्त्रीचे नाव एवढे मौल्यवान ठरले की, त्यासाठी स्त्रीची गरज उरली नाही. बाईने पुरुषाचे नाव घेणे हा चर्चेचा नेहमीचा विषय. पुरुषांनी बाईच्या नावावर उपजीविका केल्याचे हे उदाहरण त्या मानाने क्वचितच सांगितले जाते.

तिसरी वाट विलयाची. मेटा व्हिक्टर यांच्या बहीण फ्रान्सेस फुलर व्हिक्टर (१८२६–१९०२) यांनीही बीडलसाठी कादंबऱ्या लिहिल्या. पुढे त्या प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर गेल्या आणि साहसकथेकडून इतिहासाकडे वळल्या. १८७० साली डोंगरी शिकारी जो मीक याच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींवर आधारलेला 'रिव्हर ऑफ द वेस्ट' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या ह्यूबर्ट बँक्रॉफ्टने पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासाची जी विशाल ग्रंथमाला काढली, तिच्यातील ऑरेगनचा इतिहास फ्रान्सेस यांनी लिहिला. दर्शनी पानावर नाव मात्र बँक्रॉफ्टचे आले. स्वस्त कादंबरीच्या बाजारात त्यांना निदान स्वतःचे नाव मिळत होते. प्रतिष्ठित इतिहासलेखनाच्या दालनात तेही गेले. प्रतिष्ठा वाढली की न्याय वाढतो, असे समजणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

७

लेखिकेच्या नावाची ही कथा झाली. पण पुस्तक केवळ लेखणीने होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन छापखान्यांत फर्म्यांच्या घड्या घालणे आणि ते शिवणे हे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुली करीत. हार्पर बंधूंच्या कारखान्याचे जेकब अॅबटने १८५५ साली केलेले वर्णन उपलब्ध आहे. त्यात बांधणीखान्यातील स्त्रियांच्या रांगाच्या रांगा दिसतात. खिळे जुळविण्याच्या कामावर मात्र पुरुषांनी आपला हक्क राखला होता. लंडनमध्ये एमिली फेथफुल यांनी 'व्हिक्टोरिया प्रेस' हा स्त्रियांना खिळे जुळवायला शिकविणारा छापखाना काढला तो १८६० साली, म्हणजे 'मालेस्का' निघाली त्याच वर्षी. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टा लुइस यांच्या पुढाकाराने खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांची संघटना १८६८ साली स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय संघटनेला स्त्रियांसाठी आपले दार उघडावे लागले. दहा सेंटांना पुस्तक देणे शक्य झाले ते वाफेच्या यंत्रामुळे, हे खरे. पण ज्या हातांनी घड्या घातल्या त्यांची मजुरी कमी होती, हेही तितकेच खरे. स्वस्ताईचा काही भार कोणी तरी उचललेला असतोच.

या व्यवसायाच्या शिखरावरही एक स्त्री पोचली होती. ज्या फ्रँक लेस्लीच्या साप्ताहिकात अल्कॉटची निनावी कथा छापली गेली, तो १८८० साली वारला, तेव्हा मागे कर्जाचा डोंगर होता. त्याची पत्नी मिरियम लेस्ली हिने व्यवसाय हाती घेतला आणि तो सावरला. त्यासाठी तिने एक विलक्षण गोष्ट केली : कायदेशीर मार्गाने स्वतःचे नाव बदलून 'फ्रँक लेस्ली' करून घेतले. ते नाव म्हणजेच भांडवल होते, आणि ते पतीच्या नात्याने उसने वापरण्यापेक्षा आपल्या मालकीचे करून घेणे तिने पसंत केले. १९१४ साली ती वारली तेव्हा आपल्या संपत्तीचा मोठा भाग तिने कॅरी चॅपमन कॅट यांच्या हाती, स्त्रियांच्या मताधिकाराच्या कार्यासाठी ठेवला होता. त्या मताधिकाराला १९२० साली घटनादुरुस्तीने मान्यता मिळाली. थरारक कथा आणि सचित्र बातम्या विकून जमलेला पैसा अखेर या कामी आला. त्या पैशाला 'हलका' म्हणणे कठीण आहे.

८

बीडल आणि अॅडम्स ही संस्था १८९८ साली संपली. १९५० साली अल्बर्ट जोहानसेन यांनी तिची सविस्तर ग्रंथसूची सिद्ध केली, आणि त्याच वर्षी हेन्री नॅश स्मिथ यांनी आपल्या 'व्हर्जिन लँड' या ग्रंथात या कादंबऱ्यांतील नायिकेचा स्वतंत्रपणे विचार केला. तेव्हापासून सामग्रीची उणीव राहिलेली नाही. उणीव आहे ती दृष्टीची. लोकप्रिय वाङ्मयाचा अभ्यास करताना समीक्षेला दोन सवयी जडल्या आहेत. एक तर ती या वाङ्मयाला समाजशास्त्राच्या स्वाधीन करते आणि कृतीच्या गुणदोषांचा विचार टाळते. नाही तर उपेक्षेचे परिमार्जन म्हणून कृतीला तिच्या योग्यतेपेक्षा उंच चढविते. दोन्ही मार्गांनी वाचन टळते.

'मालेस्का' वाचली असता काय हाती लागते? ढिसाळ रचना, भडक प्रसंग, वंशाविषयीचा अक्षम्य पूर्वग्रह. आणि या सर्वांच्या मधोमध, मुलाच्या खोलीत दाई म्हणून उभी राहिलेली, तोंड मिटून घेतलेली एक आई. ती व्यक्तिरेखा लेखिकेच्या मतांहून मोठी झाली आहे. कथेचा निवाडा तिला दोषी धरतो, कथेतील प्रसंग तिच्या बाजूने साक्ष देतात. दुय्यम कृतींतही असे घडू शकते, किंबहुना तेथेच ते अधिक उघडे दिसते; कारण थोर लेखक आपल्या मनातील विसंगती कौशल्याने सांधतो, घाईने लिहिणाऱ्याला ती सांधायला सवड नसते.

साहसकथेच्या मालेने आपल्या पहिल्या पुस्तकाकडे पुढे पाठ फिरविली. तिच्यातून आई गेली, घर गेले, उरला तो घोडेस्वार. पण दहा सेंटांच्या या पुस्तकांना प्रथम घरात प्रवेश मिळवून दिला तो एका बाईंच्या नावाने. त्यांचे फर्मे शिवले ते बायकांच्या हातांनी. आणि त्यांतील पहिली धाडसी व्यक्ती नदीतून होडी हाकीत शहराकडे निघाली होती ती कोणाला मारायला नव्हे, मुलाला त्याच्या माणसांत पोचवायला. या वाङ्मयाचा इतिहास लिहायचा तर तो त्या होडीपासून लिहिला पाहिजे.